सीमाखांबावरचं दगडफूल

दगडफूल महाराष्ट्रातल्या निम्म्या स्वयंपाकघरांत असतं आणि ते नक्की काय आहे असं विचारलं, तर बहुतेक घरं गप्प बसतात. गोडा मसाला भाजायला घेतला की एक काळपट, चुरगळलेली पापडी तेलात पडते, घरभर वास सुटतो आणि पुढं कुणी चौकशी करत नाही. कांचन झोरेला मात्र या चौकशीचाच पगार मिळत होता. उंबरदऱ्याच्या राखीव खोऱ्यात किती जातींचं दगडफूल आहे, कुठल्या उंचीवर, कुठल्या सावलीत, कुठल्या दगडावर, हे मोजायला पुण्याच्या एका संस्थेनं तिला पाठवलं होतं.

ती त्याच खोऱ्यातली होती. गवळी धनगरांच्या सतरा घरांच्या वस्तीत ठकूआत्यानं तिला दहा वर्षांची होईपर्यंत वाढवलं. मग ती वसतिगृहात गेली, पदव्या मिळवल्या आणि बत्तिसाव्या वर्षी आपल्याच दारातल्या धोंड्यांपाशी परत आली. आत्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे, एवढं शिकून धोंडेच मोजायचे होते, तर मी हिला इथंच ठेवली असती. पण सांगताना तिचा ऊर भरून आलेला असे, तो लपत नसे.

दगडफूल हे फूल नव्हे आणि झाडही नव्हे. बुरशी आणि शेवाळ या दोघांनी मिळून थाटलेला तो संसार आहे. बुरशी घर बांधते, पाणी धरून ठेवते. शेवाळ उन्हात बसून दोघांचं अन्न तयार करतं. शास्त्रात त्याला शैवाक म्हणतात. त्यातली दगडाला घट्ट चिकटून वाढणारी जात फार संथ, वर्षाला केसभर सरकते. म्हणजे उघड्या दगडावर ती किती पसरली आहे यावरून तो दगड किती वर्षं हललेला नाही, हे सांगता येतं. २०४१ सालापर्यंत हे काम करणारं एक यंत्र निघालं होतं. ठरावीक रंगांचा प्रकाश टाकून ते शैवाकाच्या कोवळ्या काठातली आणि मधल्या जुन्या सालीतली रसायनं वाचत असे आणि काही क्षणांत वाढीचा आकडा देत असे. दिसायला टॉर्चसारखं, म्हणून वस्तीत त्याला बॅटरीच म्हणत.

अडचण एकच होती. अमुक वाढीला किती वर्षं लागतात, हे खोऱ्याखोऱ्यात बदलतं. पाऊस वेगळा, धुकं वेगळं. त्यामुळे प्रत्येक खोऱ्यात ज्याचं वय पक्कं ठाऊक आहे असा एक दगड शोधावा लागे. त्याला मूळदगड म्हणत. मूळदगड चुकला, तर पुढचे सगळे आकडे चुकले.

आणि आकड्यांवर आता बरंच काही उभं होतं. कागद खोटे करता येतात, म्हातारी माणसं विसरतात, दगडफूल काही खोटं बोलत नाही, असं वरती कुणाला तरी वाटलं आणि राखीव खोऱ्यांचा नवा कायदा त्या यंत्रावर बेतला गेला. पंचाहत्तर वर्षं त्याच जागी असलेली वस्ती राहील, त्याहून नवी उठेल. ज्या डोंगरउताराची दरड शंभर वर्षांत हललेली नाही तो उतार हिरवा, हलली असेल तर तांबडा. तांबड्याखाली माणसानं राहायचं नाही. म्हणून कांचन एका हातानं जाती मोजत होती आणि दुसऱ्या हातानं स्वतःच्या माणसांचा निकाल लिहीत होती. हे तिला सुरुवातीपासून नीटसं वाटत नव्हतं. पण दुसरं कुणी आलं असतं, तर त्यानं वस्तीत पाणी तरी मागून घेतलं असतं का, असं म्हणून तिनं काम घेतलं.

मूळदगड सापडला तेव्हा तिला हायसं वाटलं. वस्तीपासून हाकेच्या अंतरावर इंग्रजी अमदानीतला एक सीमाखांब उभा होता, घडीव काळ्या दगडाचा. त्यावर १९३१ हे साल खोदलेलं होतं. म्हणजे एकशे दहा वर्षं सरळ हाती आली. फक्त त्याला कुणी कधी धक्का लावलेला नाही, याची खात्री हवी होती. जानेवारीतल्या एका सकाळी तिनं वस्तीतल्या जाणत्या माणसांना खांबापाशी बोलावलं. बरोबर वनरक्षक मोहिते होता, तसा नियमच होता. तिच्या अंगात संस्थेचं, वनखात्याच्या गणवेशासारखंच हिरवं जाकीट होतं. तिनं सगळ्यांसमोर विचारलं, या खांबाला कुणी कधी हात लावलाय का? रंगवला, धुतला, खरवडला?

ठकूआत्यानं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"न्हाई बा. सरकारी दगड हाय त्यो. त्येला कोन हात लावतंय."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. कांचननं नोंद केली आणि यंत्र लावलं.

पुढचे चार महिने बरे गेले. बिरोबाच्या आवाराची जुनी भिंत होती, तिच्यावरचं दगडफूल काढायचं नाही असा वस्तीचा दंडक होता. तिथं यंत्रानं एकशे अठ्ठावीस वर्षं दाखवली. वस्तीच्या वरच्या उतारावर मोठाले धोंडे विखुरले होते. ते तिथं येऊन पडल्याला एकशे तीस वर्षं झाली होती. म्हणजे वस्ती जुनी आणि दरड शांत. मे महिन्यात दोन्ही दाखले हिरव्या शिक्क्याचे आले. त्या दिवशी वस्तीत बिरोबाला नैवेद्य झाला, मोहितेसुद्धा पंगतीला बसला, आणि आत्यानं कांचनच्या तोंडावरून हात फिरवून आपल्या कानशिलांवर बोटं मोडली आणि तिची दृष्ट काढली. आता आपण इथंच मरायला मोकळे, असं ती दहा जणांना तरी म्हणाली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात कांचन एकटीच पलीकडच्या सोंडेवर गेली. तिथं कारवीचं रान एवढं दाट की माणूस शिरत नसे. पण कारवी सात वर्षांनी एकदा फुलते आणि फुलून झाली की मरते. ती गेल्या पावसाळ्यात फुलली होती आणि आता नुसते वाळके दांडे उभे होते. त्यांच्यामधून तिला एक खांब दिसला. पहिल्याचाच भाऊ, तसाच घडीव, तसंच साल, १९३१. तिनं सवयीनं जाती मोजायला घेतल्या. पहिल्या खांबावर सोळा होत्या. इथं मोजता मोजता ती चौतीसवर गेली आणि तिच्या मनात पाल चुकचुकली. एकाच वर्षी, एकाच खाणीतल्या दगडावर, एकाच पावसात दुप्पट जाती कशा?

तिनं यंत्र लावलं. आकडा आला दोनशे अठरा.

म्हणजे खांब घडवायच्या आधी शंभर वर्षं त्याच्यावर शैवाक वाढत होतं, असं यंत्र सांगत होतं. ती खाली बसली आणि पुन्हा मोजलं, मग खांबाच्या चारही बाजूंनी मोजलं. आकडा दोन-तीन वर्षांनी इकडंतिकडं व्हायचा, बस्स. खोटं दगडफूल बोलत नव्हतं, मूळदगड बोलत होता. पहिल्या खांबावरची वाढ एकशे दहा वर्षांची नव्हती. जेमतेम पंचावन्न वर्षांची होती. कधीतरी मध्येच तो खांब साफ झाला होता आणि तिथून घड्याळ पुन्हा सुरू झालं होतं. तिनं लावलेलं प्रत्येक वय दुप्पट होतं.

निम्मं करायला गणित लागत नाही. बिरोबाची भिंत चौसष्ट वर्षांची झाली, म्हणजे वस्ती उठणार. उतारावरचे धोंडे पासष्ट वर्षांचे झाले, म्हणजे दरड शंभर वर्षांच्या आत एकदा खाली आलेली होती. आणि आकाशात ढग जमायला लागले होते.

त्याच दुपारी ती वस्तीवर गेली. जाकीट तिनं वाटेतच काढून पिशवीत कोंबलं. आत्या गोठ्यात म्हशीच्या पाठीवरची गोचिडं काढत होती. कांचननं पुन्हा तोच प्रश्न विचारला. आत्यानं आधी गोठ्याच्या दाराकडं पाहिलं, तिच्या मागं कुणी नाही असं बघितलं, आणि मग अगदी सहज सांगून टाकलं.

"खरवडायचो की. धोंड्यावर इळा चालत न्हाई, त्यो खांब कसा सपाट. फूल लई दाट यायचं. सालीसगट उतरवायचो आन बाजारला न्यायचो. मग अभयारन्य झालं, चौकी बसली. त्या खांबापायी तुज्या आज्याला दिसभर चौकीत उनात बसवला. तवापासनं कुनी बी इचारलं की आमचं एकच, हात लावला न्हाई."

"मी विचारलं होतं, आत्ती."

"तू एकली कुठं व्हतीस? मोहित्या हुबा व्हता मागं. आन तुज्या अंगात बी तसलंच जाकीट."

पुस्तकात मूळदगड निवडायचे अकरा नियम होते आणि जाकीट काढून विचारावं हा त्यात नव्हता. तिनं दरडीचं विचारलं. तेव्हा आत्याचा हात म्हशीच्या पाठीवर थांबला.

मग ते सगळं हळूहळू बाहेर आलं. वस्ती आधी इथं नव्हतीच, वर होती, आता जिथं धोंडे आहेत तिथं. आत्या आठ वर्षांची असताना श्रावणात, भर दुपारी, गडी म्हशींमागं रानात गेलेले असताना डोंगर खाली आला. नऊ माणसं गेली. त्यात आत्याची आई होती, म्हणजे कांचनची आजी. वर्षाच्या भावाला, कांचनच्या बापाला, आत्या पाठुंगळी घेऊन ओढ्यावर गेली होती म्हणून ती दोघं राहिली. दुसऱ्या वर्षी वस्तीनं खाली येऊन बिरोबाची भिंत घातली. पुढं सरकारी माणसं येऊन किती वर्षं इथं आहात असं विचारायला लागली, तेव्हा सगळ्यांनी मिळून ठरवलं की आपण वाडवडलांपासून इथंच आहोत. एकदा ठरवल्यावर ते पोरांनाही तसंच सांगितलं गेलं. आजी तापानं गेली, असं कांचन आयुष्यभर ऐकत आली होती.

"आणि मी एकशे तीस वर्षं लिहिली तेव्हा तू गप्प बसलीस?"

"मला वाटलं, तवा मी पोर व्हते, माजंच चुकत आसंल. मशीनला जास्ती कळतं." आत्यानं आणखी एक गोचीड उपटलं. "खरं सांगू का? मला तेच पायजे व्हतं. दरड पडंल का न्हाई ते बिरोबाला ठावं. तू कागद धाडलास तर आमी उठनार, ते मातर नक्की."

कांचननं मधला रस्ता शोधून पाहिला. पावसाळ्यापुरतं सगळ्यांनी खालच्या गावातल्या शाळेत राहावं आणि दाखला तसाच ठेवावा. पण उपग्रहाला महिनाभर चुलींची ऊब दिसली नाही, तर वस्ती सोडली असं कायदा धरत होता. तिनं संस्थेच्या प्रमुख डॉ. केळुसकरांना फोन केला. बाई मायाळू होत्या आणि दमलेल्या होत्या. त्यांनी शांतपणे सगळं ऐकलं आणि म्हणाल्या की एका नव्या खांबावरून घाई करू नकोस, ऑक्टोबरात मी स्वतः येते, नीट मोजू, मग दुरुस्ती करू. कांचननं विचारलं, मधल्या पावसाचं काय? त्यावर बाई म्हणाल्या, पासष्ट पावसाळे काही झालं नाही, एकानं काय होतंय. हे वाक्य खरं निघण्याचीच शक्यता जास्त होती. कांचनला ते ठाऊक होतं आणि त्यामुळे जीव आणखी टांगणीला लागला.

दुरुस्तीपत्र भरायचा अधिकार मोजणीदाराचा, आणि मुदत होती चार जुलैपर्यंत; त्यानंतर ते संस्थेमार्फतच जाणार होतं. ती रोज टेकाडावर फोनला रेंज येते तिथं जायची, पत्र उघडायची आणि बंद करायची. तिला वस्तीतली सतरा दारं दिसायची. आत्याचं वाक्य तर तिच्या डोक्यातून हलत नव्हतं, कारण त्यात खोट नव्हती. एक गोष्ट नक्की होणार होती आणि दुसरी कदाचित. पण त्या कदाचितमध्ये सत्तर माणसं झोपलेली असणार होती. आजीसुद्धा त्या दुपारी भाकरीच करत असणार. तीस जूनला, पाऊस थोडा उघडला असताना, तिनं पत्र पाठवलं आणि मग ती टेकाडावरच बसून रडली.

नऊ दिवसांत वस्ती उठली. घाटाच्या पायथ्याशी डांबरी सडकेला लागून पत्र्याच्या शेड बांधल्या होत्या, तिथं सगळ्यांना आणून सोडलं. शेडमध्ये माणसं मावली, म्हशी मावल्या नाहीत. पहिल्या पंधरवड्यात चार दगावल्या. रोज कुणीतरी वर जाऊन डोंगराकडं बघून यायचं आणि मुद्दाम कांचनला ऐकू जाईल असं सांगायचं की आहे, जागच्या जागी आहे. बायका तिला पाण्याच्या टाकीवर रांगेत उभी राहू देत नव्हत्या. घरभेदी हा शब्द तिनं पाठीमागं ऐकला, मग तोंडावर ऐकला. आत्या काही बोलली नाही. वाईट बोलली नाही आणि चांगलंही बोलली नाही. ताट वाढून ठेवायची आणि तोंड फिरवायची. कांचनला शिव्या परवडल्या असत्या.

दरडीवर तिनं एक मापक बसवला होता. किती पाऊस पडला आणि उतार किती कलला, हे उपग्रहामार्फत, रेंज असो वा नसो, दर तासाला फोनवर यायचं. ती डोळ्यांत तेल घालून ते आकडे बघायची. जुलै संपला. एका दिवसात दोनशे दहा मिलिमीटर पाऊस झाला, उतार तसूभर हलला नाही. आकडा वाचून तिला वाईट वाटलं, आणि वाईट का वाटलं हे कळल्यावर ती हादरली. दरड पडावी असं तिला वाटत होतं. रिकाम्या वस्तीवर, कुणाला इजा न होता, पण पडावी. सतरा घरं गाडली जावीत आणि लोकांनी म्हणावं की पोरगी खरं बोलत होती. ती रोज उठून त्याची वाट बघत होती.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात, पाऊस तीन दिवस धरून राहिलेला आणि कांचन कामासाठी खालच्या गावात मुक्कामाला असताना, मोहितेचा फोन आला. ठकूबाई पहाटेपासून शेडमध्ये नाहीत, काठी आणि घोंगडंही नाही. कांचननं हातातला फोन पाहिला. रात्रीपासून एकशे ऐंशी मिलिमीटर, आणि उतार पहिल्यांदाच किंचित कललेला. एवढे दिवस ज्या आकड्याची वाट पाहिली तो समोर होता. मोहिते माणसं घेऊन येतो म्हणत होता, ती थांबली नाही.

दीड तासाची चढण तिनं तासात केली. वाटेवर ओढे फुटले होते. वस्तीवर घरांना कुलपं होती, फक्त आत्याचं दार उघडं होतं आणि आत चूल पेटली होती. आत्या उंबऱ्याशी घोंगडं पांघरून बसली होती. वरून पाण्याबरोबर बारीक खडे येत असल्याचा आवाज येत होता.

"आत्ती, चल खाली. उतार कललाय."

"बस जरा."

"बसायला वेळ नाही."

"बस म्हनते ना." कांचन बसली. आत्यानं तिच्याकडं नीट पाहिलं, दीड महिन्यात पहिल्यांदा. "एक इचारते. ती पडावी आसं वाटतं ना तुला?"

खोटं बोलायची संधी होती. पण खोट्यानं काय झालं, ते दोघींनी पाहिलं होतं.

"वाटत होतं. सकाळपर्यंत वाटत होतं. तू इथं आहेस हे कळलं आणि..."

आत्यानं मान हलवली. तिला राग आलेला दिसला नाही.

"मला बी वाटत व्हतं," ती म्हणाली. "शेडात बसून रोज वाटायचं. टाकीवर बाया तुला बोलायच्या, ते मला ऐकाया यायचं. मी म्हनायचे, पडू दे एकदाची, म्हंजे माज्या पोरीचं खरं तरी हुईल. माज्या आईला गिळली ती दरड, आन मी ती परत पडावी म्हून बिरोबाला साकडं घालत व्हते. आपल्याच घरावर. काल ते ध्यानात आलं आन मला माजीच भीती वाटली. मग म्हटलं, घरात जाऊन बसावं. म्हंजे तसं वाटनार न्हाई."

कांचननं तिला धरलं आणि आत्यानं धरू दिलं. घोंगडं ओलं होतं, त्याला म्हशीचा आणि धुराचा वास होता. मग आत्या स्वतःच उठली, चुलीवर पाणी ओतलं, दार ओढून घेतलं आणि कांचनचा दंड घट्ट पकडला.

आवाराच्या भिंतीपाशी येऊन त्या दम खायला थांबल्या. दोघींनी मागं वळून डोंगराकडं पाहिलं. धुक्यातून धोंडे अर्धेच दिसत होते. फोन कांचनच्या खिशात थरथरला, नवा आकडा आला असणार. तिनं तो बाहेर काढला नाही. त्या तशाच उभ्या राहिल्या, आणि दोघींनाही ती दरड पडायला नको होती.